रिटायरमेंटनंतर का?

रविवार, रात्री साडेदहा

पाठ दुखतेय. पण झोप पाठीमुळे उडालेली नाही.

सकाळी आम्ही काही फोटोवेडे साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. बोगदा ओलांडला तेव्हा अंधारच होता. सज्जनगड फाट्यापाशी धुकं लागलं आणि ठोसेघरच्या वर गेलो तर पवनचक्क्यांची नुसती पाती फिरताना दिसत होती, खांब गायब. सगळे तेच टिपायच्या मागे लागले. मला सीतेची आसवं हवी होती. बोटाच्या पेरापेक्षा लहान, निळं-जांभळं फूल. दिसायला इतकं गरीब आणि मातीखाली किडे पकडून खातं. त्याच्या उंचीला जायचं तर पोटावर झोपावंच लागतं. वाटेच्या कडेला गोणपाट अंथरलं आणि झोपले. वारा थांबेना. वीसेक मिनिटं तशीच.

झोपणं सोपं आहे. उठताना आधी एक गुडघा, मग दुसरा हात, मग थोडा विचार. तेवढ्यात आमच्यातला इंजिनिअरिंगचा पोरगा पळत आला. "काकू, हात देऊ?" दिला त्याने. कॅमेऱ्याला लागलेला चिखल स्वतःच्या रुमालाने पुसला आणि पुसता पुसता म्हणाला, "भारी काढताय. रिटायरमेंटनंतर सुरू केलंत का?"

मी 51 वर्षांची आहे. उद्या सकाळी पावणेदहाला मला टेबलावर हजर व्हायचंय.

आणि मी काय म्हणाले? "हो रे, तसंच काहीसं."

का म्हणाले? परतताना ठोसेघरला वडा खाताना तेच. संध्याकाळी आईंच्या गोळ्या डबीत भरताना तेच, मंगळवारच्या कप्प्यात दोनदा भरल्या. केस रंगवायचे सोडलेत म्हणून त्याला तसं वाटलं असेल, ते जाऊ दे. पण माझ्या तोंडून हो का आलं?

खरं उत्तर होतं की माझ्याजवळ. मी 14 वर्षांची असताना दादाचा क्लिक थ्री कॅमेरा हातात घेतला. एका रोलमध्ये 12 फोटो, चौकोनी. अजिंक्यताऱ्यावरून गाव काढलं होतं, राजवाड्यासमोरचा फुगेवाला काढला होता, त्यातले 7 धुरकट आले आणि रोल धुवायला टाकायचे पैसे दादाने कुणाला न सांगता दिले. दादाचं... नको आत्ता.

एवढं सगळं त्या पोराला उभ्या उभ्या कुठे सांगणार होते! पण नुसतं "नाही" म्हणता आलं असतं.

आज गाडीत कोण कोण होतं, ते मोजत बसले. दहावीतली एक मुलगी. इंजिनिअरिंगची दोन पोरं. एसटीतून निवृत्त झालेले तात्या, वय 71, लेन्स त्यांच्या मांडीएवढी. बँकेतून सुटलेले एक काका, तेही पक्ष्यांवर. (साठी उलटली की माणसं पक्ष्यांकडे का वळतात कोण जाणे. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "पक्षी उभ्यानं काढता येतोय की वो, वाकाय लागत नाही.") आणि मी. पस्तिशीतला एकजण येणार होता, पोराला ताप आला म्हणून पहाटे चारला त्याचा मेसेज. मागच्या खेपेलाही त्याचंच काहीतरी निघालं होतं.

म्हणजे पोरगा काय चुकीचं बोलला? त्याने पाहिलंय ते असंच. या छंदाला एकतर विशीच्या आतली माणसं, नाहीतर मोकळी झालेली. मधली कुठे जातात ते त्याला कसं कळणार, तो अजून तिकडे गेलेला नाही.

मी गेले होते. 24 व्या वर्षी गेले, 47 व्या वर्षी परत आले, भिशीचे पैसे घेऊन. पुण्याहून कॅमेरा आणला आणि पहिले दोन आठवडे फसवलं गेल्यासारखं वाटत होतं, कारण डोळा लावला की सगळं धुरकट. फोटो मात्र व्यवस्थित येत होते. शेवटी तात्यांनी डोळा लावायच्या खिडकीशेजारचं बारीक चाक फिरवून दिलं. चष्म्याचा नंबर असलेल्यांसाठी, चाळिशी लागलेल्यांसाठी असतं म्हणे ते. पोरं त्याला हातसुद्धा लावत नाहीत, त्यांना ते आहे हेच ठाऊक नाही.

दुपारी मनाची समजूत घालायला ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला आठवून पाहिलं. कोलकात्यात जन्मलेली बाई. 1863 मध्ये, 48 व्या वर्षी, लेकी-जावयाने भेट म्हणून कॅमेरा दिला आणि पुढे तिने काढलेले चेहरे जग अजून बघतंय. (आमच्या लेकीचा जावई आणायचा विचार दिसत नाही, म्हणून भिशी.) जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं, हीसुद्धा मुलं मोठी झाल्यावरच! जपानच्या किमिको निशिमोतो आजी 72 व्या वर्षी शिकल्या, तेही मुलाच्याच वर्गात. जिला आठवावं ती त्या पोराची साक्षीदार निघतेय.

होमाई व्यारावाला, वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी आपल्याकडची पहिली बाई, त्यांचं मात्र उलटं. साडी नेसून, सायकलवर कॅमेरा घेऊन दिल्लीभर फिरल्या. घरात नवरा, मुलगा, सगळं असताना. आणि 1970 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. ज्या वयात आम्ही गोणपाट घेऊन निघतो त्या वयात त्या थांबल्या. मग मला कुणी अडवलं होतं? हे म्हणतील, मी कधी नको म्हटलं? खरंच नाही म्हटलं कधी. पण व्यारावालांचा तो पोटापाण्याचा धंदा होता. धंद्याला जाते म्हटलं की घर डबा भरून देतं. "फुलाचा फोटो काढायला जाते" हे वाक्य मी त्या 23 वर्षांत उच्चारूनच पाहिलं नाही.

आठ वाजता माळ्यावरचे अल्बम काढले. हे म्हणाले, आता कुठे धूळ उडवतेस. वाढदिवस, बारसं, वाढदिवस, प्रतापगड, वाढदिवस. एकेक पान उलटताना रडू येईल असं वाटत होतं, खरं तर त्याची तयारीच केली होती.

मग ते फोटो दिसायला लागले. 36 चा रोल, धाकटीचा केक कापून झाला तरी दोन-तीन शिल्लक राहायचे. रोल संपल्याशिवाय धुवायला कसा टाकणार? म्हणून संपवायला काहीही काढायचं. दोरीवर पालथी घातलेली दुपटी. पावसात उलटी बादली. रिकाम्या खुर्चीवर पडलेलं ऊन, त्यात तर खुर्चीची सावली खुर्चीपेक्षा देखणी आलीय. आई दरवेळी विचारायच्या, हे गं कशाला काढलंयस? मी म्हणायचे, रोल संपवायला.

मोजले. 41 निघाले. 1998 ते 2007, नऊ वर्षांत 41. वर्षाला पाचसुद्धा पडत नाहीत, कुठे सांगण्यासारखा आकडा नव्हे. आणि 2007 ला घरात डिजिटल आला. सगळे खूश, कितीही काढा. त्याला रोलच नाही, मग संपवायचा काय? माझी सबबच गेली. पुढच्या अल्बमांत एकही बादली नाही.

त्या पस्तिशीतल्याला सांगितलं पाहिजे, पोराचा ताप उतरला की. काय सांगायचं ते नीट सुचत नाहीये. तापातल्या पोराच्या उशाशी खिडकी असेलच ना एखादी.

आत्ता फोन वाजला. त्या इंजिनिअरिंगवाल्याने सकाळचा एक फोटो पाठवलाय, मी झोपलेली असतानाचा. मला कळलंही नव्हतं. पुढे चिखलाने भरलेले बुटांचे तळवे, मागे वर आलेली दोन कोपरं आणि एक अर्धवट पवनचक्की. चेहरा नाही, केसही टोपीत. खाली लिहिलंय, "काकू ऑन ड्यूटी."

यावरून वय सांगता येत नाही. मी मोठा करून पाहिला, दोनदा.