आमची वाटचाल: डिचोलीचे वर्कशॉप, साडेसात फुटांचा शाफ्ट आणि चेंबर

आमचा पहिला लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचे मशीन, हरिहरचा, किर्लोस्करांचा, बारा फुटी बेडचा. 1994 साली बेळगावच्या उद्यमबागेत एक कारखाना बंद झाला. तिथून मी आणि माझ्या भागीदारांनी तो सेकंडहँड उचलला, ट्रकवर घातला आणि अनमोड घाट उतरून गोव्यात डिचोलीला आणला. चकाजवळ, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्याजवळ, बेडला झीज लागून पोट पडले होते. भागीदार उद्यमबागेतच शिकलेले, हातात स्क्रेपर घेऊन वाढलेले. सरळपट्टीला निळी लावायची, बेडवरून फिरवायची, जिथे निळे ठिपके उठतील तेवढेच खरवडायचे, पुन्हा निळी. बोर्ड्यातल्या भाड्याच्या शेडमध्ये पंखासुद्धा नव्हता, तिथे त्यांनी असे एकवीस दिवस काढले. तो बेड मी आजही दर दोन वर्षांनी डायल लावून तपासतो आणि त्यांची आठवण काढतो. 2009 मध्ये ते गेले. जुने मशीन घेणाऱ्या तरुणांनो, रंग बघू नका. चकाजवळचा बेड बोटाने चाचपा, मग भाव बोला.

काम कसले, हे डिचोलीच्या माणसाला सांगायला नको, लोहखनिजाच्या खाणींचा मुलूख. खनिज वाहणाऱ्या टिप्परच्या शॅकल पिना, बुश, टेलबोर्डच्या बिजागऱ्या, जॅकचे सिलिंडर, स्क्रीनिंग प्लँटचे रोलर. नदीकडून, खनिज नेणाऱ्या बार्जचे टेल शाफ्ट (पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा), स्टर्न बुश, सुकाणूच्या पिना. 2004 मध्ये औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड झाली. चीनची मागणी वाढली तशी आमचीही दुसरी पाळी सुरू झाली. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेले, तेव्हा दिवसाला तीनदा तरी एखादा टिप्पर आमच्या दारात जॅक वर करून उभा असायचा. 2011 मध्ये बँकेचे कर्ज काढून सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि दुसरा लेथ घेतला.

आणि 10 सप्टेंबर 2012 ला सरकारने खाणी थांबवल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. सरकारी बंदी आली तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर होती. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या आराशीचे, सामान आणायला मी बाजारात गेलो, तर एरवी टिप्परांनी कोंडणारा रस्ता मोकळा होता आणि दुकानदार पायरीवर बसून होते. त्या वर्षी माझ्याकडे अकरा माणसे होती. मार्चपर्यंत चार उरली. सात जणांना मी स्वतः बोलावून हिशेब चुकता केला. त्यातला एक माझ्याकडे झाडू मारायला आला होता आणि फोर जॉ चकावर एक्सेंट्रिक काम करणारा टर्नर होऊन गेला. त्या दिवशी जेवण गेले नाही.

खाणी बंद पडल्या याचा दोष मी कोणाला देत नाही. नियम मोडले गेले असतील तर न्यायालय बोलणारच. माझे दुखणे वेगळे आहे. एका वाहतूक कंत्राटदाराकडे माझे 7 लाख 40 हजार रुपये अडकले होते. बंदीच्या आधी केलेल्या कामाचे. मे-जूनमध्ये, पावसाळ्याच्या डागडुजीत, त्याचे चौदा जॅक आम्ही होन करून, रॉड हार्ड क्रोम करून, सील किट घालून दिले होते. माल पोचवल्याच्या चलनावर त्याच्या सुपरवायझरच्या सह्या आहेत. बंदीचे कारण पुढे करून त्याने फोन उचलणे सोडले. पण त्याच डिसेंबरात त्याच्या घरी नवी गाडी आली. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा अंगणातच उभे राहून बोलणे झाले. तिसऱ्यांदा गेलो नाही.

आता भाईंचे सांगतो. आमोण्याचे बार्जवाले, एकच बार्ज, वडिलांपासूनची. ऑगस्ट 2012 मध्ये त्यांनी टेल शाफ्टची ऑर्डर दिली, साडेसात फूट, ईएन 8 पोलादाचा, निम्मे पैसे आगाऊ. खाणी थांबल्या तेव्हा शाफ्टची रफ टर्निंग झाली होती. ऑर्डर रद्द होणार हे गृहीत धरून मी आगाऊ रक्कम परत कशी करायची याच्या विवंचनेत होतो. भाई मोटारसायकलवरून आले, टेपर अर्धा झालेला शाफ्ट बघितला, खिशातून उरलेले निम्मे पैसे काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, “बार्ज चिखलात बसली आहे, पण तू तुझे काम पुरे कर.” लांब शाफ्ट आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून फिनिश झाल्यावर तो चेनब्लॉकने तुळईला उभा टांगला. खाली लाकडी ठोकळा, वर ग्रीस आणि गोणपाट. 2015 मध्ये खाणी वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तो खाली उतरवला. तीन पावसाळे तो तिथे होता. बाजारात माझ्याबद्दल काहीबाही बोलले जात असताना शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला तो आधी दिसायचा आणि मला बरे वाटायचे.

बाजारात काय बोलत होते? आमच्याच वसाहतीत एकाने 2013 मध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, मशीन टाकले. टाकावे, धंदा सगळ्यांनाच करायचा आहे. पण त्याने माझा सर्वांत चांगला ऑपरेटर नेला आणि कुंडई, वेर्णा, थिवीच्या कंपन्यांच्या पर्चेसमध्ये जाऊन सांगितले की माझा लेथ बँकेने उचलला. मला हे एका कंपनीच्या मेंटेनन्स इंजिनिअरकडून कळले. त्या घटकेला लेथ माझ्यासमोर चालू होता, मी फोनवर त्याला आवाज ऐकवला.

अशा दिवसांत मी चेंबरची पायरी चढलो. तोवर गोवा चेंबर ऑफ कॉमर्स म्हणजे पणजीतली मोठ्या लोकांची संस्था, निर्यातदारांना सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देणारी कचेरी, एवढीच माझी समजूत. संस्था 1908 ची, पोर्तुगीज अमदानीत असोसिएसांव कोमेर्सियाल या नावाने निघालेली. इतक्या जुन्या ठिकाणी ग्रीस लागलेल्या नखांचा माणूस काय करणार, असे वाटायचे. वसाहतीतल्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखानदाराने ओढून नेले. छोट्या उद्योगांच्या अडकलेल्या पैशांवर बैठक होती.

तिथे समितीवरच्या एका चार्टर्ड अकाउंटंटनी जे सांगितले ते मी वहीत उतरवले, ती वही अजून आहे. 2006 चा एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग विकास कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे थकवता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल, थकलेल्या बिलांचे तंटे बघणारे सरकारी मंडळ. निकाल विरुद्ध गेला आणि देणेकऱ्याला कोर्टात जायचे असेल तर 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. मी उठून विचारले, हे माझ्यासारख्याला लागू आहे का? त्यांनी उलट विचारले, “उद्योग खात्याचे रजिस्ट्रेशन आहे का, आणि ते कामाच्या आधीचे आहे का?”

होते. 2008 मध्ये बँकेने कर्जासाठी मागितले म्हणून काढलेला कागद फाईलच्या तळाशी पडला होता. त्या एका कागदावर माझे 7 लाख 40 हजार उभे होते. म्हणून धंद्यात नवीन असलेल्याला माझे हात जोडून सांगणे आहे: पहिली ऑर्डर घेण्याआधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे त्याच कागदाचे आताचे रूप, करा. ते फुकट आहे, घरी बसून होते. काम झाल्यावर केले तर मागच्या बिलांना त्याचा उपयोग नाही. बिलावर उद्यम नंबर छापा. आणि चलनावर सही घेताना नाव, तारीख, शिक्का घ्या. नुसती सही कोणाचीही असते.

चेंबरने माझ्यासाठी पैसे वसूल केले नाहीत. अर्ज मला कसा लिहायचा ते शिकवले. पहिला मसुदा मी सात पानांचा केला होता. त्यात ती नवी गाडीसुद्धा होती. त्या सीएंनी शांतपणे वाचला आणि दीड पानावर आणला: बिल नंबर, तारीख, चलन, रक्कम, व्याजाचा तक्ता. गाडी काढून टाकली. “तुमचा राग इथे कामाचा नाही, चलन कामाचे आहे,” असे म्हणाले. तेव्हा लागले, पण बरोबर होते. अर्ज गेला, नोटीस निघाली आणि दीड वर्षाने तो कंत्राटदार समेटाच्या टेबलावर माझ्यासमोर खुर्चीवर बसला. अंगणात उभा करणारा माणूस. व्याज तोवर मुद्दलाच्या निम्म्याच्या वर गेले होते. मी व्याज सोडले, मुद्दल सहा हप्त्यांत घेतले, कारण बँकेचा हप्ता थांबणारा नव्हता. ते व्याज सोडल्याची चुटपुट मला आजही आहे. पण त्या पैशांतून मी आर्गन वेल्डिंगचा सेट घेतला आणि पुढचे सगळे त्यावर उभे राहिले.

चेंबरच्या बैठकांना जाऊ लागलो तसे कळले की आपल्या तासाभराच्या अंतरावर औषधकंपन्यांचे केवढे जग आहे. त्यांना बुश, शाफ्ट, स्लीव्ह, हॉपरचे भाग लागतात आणि बरेचसे बाहेरून येतात. खरेदीदार आणि पुरवठादार समोरासमोर बसायचे अशा एका मेळाव्यात मी टेबल घेतले. शेजारचे टेबल त्याच सीएनसीवाल्याचे. त्याचे छापील रंगीत कॅटलॉग, माझे घरच्या रुमालावर मांडलेले पाच नग. एसएस 316 एल स्टेनलेस स्टील, आरसा दिसेल असा बफ, प्रत्येक नगाखाली मटेरियलचे सर्टिफिकेट आणि हीट नंबर.

एक कंपनी आधी त्याच्याकडे गेली, भाव कमी म्हणून. चार महिन्यांनी त्यांचा इंजिनिअर माझ्याकडे एक स्लीव्ह घेऊन आला. धुण्याच्या जागेवरचा भाग, त्यावर चहासारखे तांबूस डाग. 316 म्हणून दिलेला. लोहचुंबकाने स्वस्तातले स्टेनलेस 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाही, दोन्हीला तो जेमतेम धरतो. मी मॉलिब्डेनमच्या टेस्टचे किट काढले, थेंब टाकला, बॅटरीची तार लावली. 316 असते तर रंग आला असता. आला नाही. मी एक शब्द बोललो नाही, इंजिनिअरच बोलला. त्या कंपनीचे काम आजतागायत माझ्याकडे आहे. सीएनसीवाल्याबद्दल मी चेंबरमध्ये कधी तक्रार केली नाही. केली असती तर चालली असती, असे अजूनही वाटते. तो आता समोर आला की मान हलवतो, मीही हलवतो.

पुढची वर्षे कामाची गेली, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नोटाबंदी आली, जीएसटी आला. त्याच्या वर्गाला मी माझ्या मुलीला घेऊन गेलो आणि तेव्हापासून हिशेब तीच बघते. 16 मार्च 2018 पासून खाणी पुन्हा थांबल्या, खाणींच्या 88 लीजांचे (भाडेपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले म्हणून. या खेपेस मी एकाही माणसाला घरी पाठवले नाही. 2012 ला गेलेल्या सातांपैकी तिघे तोवर परत आले होते, त्यात तो टर्नरही.

2023 मध्ये आयकराच्या 43 बी मध्ये नवे कलम आले: सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही तर काम घेणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी दाखवता येतो. या विषयावरच्या बैठकीला मी भाईंना नेले. ते शेवटच्या रांगेत बसले, सगळे ऐकले आणि बाहेर येताना मला विचारले, “काम नेले त्या दिवशी पैसे द्यायला यांना काय होते रे?” मी उत्तर दिले नाही. भाईंचे एकही बिल माझ्या खात्यात दुसऱ्या दिवसावर गेलेले नाही. चेंबरमध्ये मात्र मी आता स्वतः उठून बोलतो. मागच्या वेळी बोललो ते हे की असल्या बैठका पणजीला दुपारी घेऊ नका. डिचोली, वाळपई, सांगेला संध्याकाळी सहानंतर घ्या, कारण ज्याच्या हातात मशीन आहे तो दुपारी तीनला शटर ओढू शकत नाही. लिहून घेतले त्यांनी. एक बैठक साखळीला व्हावी म्हणून मी पाठपुरावा करतो आहे, जागा मी बघून ठेवली आहे.

डिचोलीच्या ब्लॉकमधून 2024 मध्ये खनिज पुन्हा हलू लागले. भाईंची बार्ज दुरुस्तीला ड्रायडॉकवर चढली आहे. शाफ्ट तोच, 2012 चा, मी परवा मायक्रोमीटर लावून आलो. बुशच्या जागी थोडी झीज आहे, पण अजून चालेल. स्टर्न बुश मात्र नवा करायचा आहे, गनमेटलची कास्टिंग बेळगावहून गुरुवारी येते.