बाबा, ही डावीकडे जाते

दोन आठवडे झाले त्या गोष्टीला आणि अजून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतोय.

चिनू पहिल्यांदा आमची जुनी मॉरिस मायनर गाडी चालवत होती, मी शेजारी. समोर कुत्रं आडवं आलं, तिने ब्रेक जरा जोरात दाबला आणि गाडी सरळ डावीकडे घुसायला निघाली. लागलं कोणालाच नाही, कुत्रंही पळालं. ती गाडी थांबवून तशीच बसून राहिली, दोन्ही हात स्टीयरिंगवर घट्ट, आणि म्हणाली, बाबा, ही डावीकडे जाते. मी काय म्हणालो, तर नाही गं, मी रोज चालवतो, असलं काही नाहीये.

खोटं बोललो का मी तिला? मला खरंच जाणवलं नव्हतं कधी. पण मग ते जास्त वाईट आहे ना.

दुसऱ्या दिवशी पहाटे एकटाच घेऊन गेलो. आधी टायर बघितले, हवा दोन्हीकडे सारखी, टायरही एकाच कंपनीचे. सपाट मोकळ्या रस्त्यावर ब्रेक न लावता हात सैल सोडले तर गाडी सरळ चालली. म्हणजे अलाइनमेंटचा, चाकं वाकडी बसल्याचा प्रश्न नाही. मग पुढे-मागे कोणी नाही बघून, अगदी कमी स्पीडला, बोटं नुसती टेकवून ब्रेक दाबला. गेली की डावीकडे! परत केलं, परत गेली. आणि मग नेहमीसारखं धरून केलं तर सरळ थांबली. माझा उजवा हात ब्रेकबरोबर आपोआप खाली ओढत होता. पायाने पेडल दाबायचं आणि हाताने गाडी उजवीकडे धरायची, दोन्ही एकाच वेळी, आणि मला पत्ताच नाही. हे किती दिवस चाललंय? अण्णा चालवायचे तेव्हाही असंच होतं का, त्यांचा हात... जाऊ दे.

तो पहिला रविवार अख्खा डाव्या चाकात घातला. कारण सरळ वाटत होतं, डावीकडे ओढते म्हणजे डावीकडे काहीतरी बिघडलंय. फिरवून आणल्यावर ड्रमजवळ, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्याजवळ, हात धरून बघितला होता (चिकटवू नका, भाजतं) तर डावा चांगलाच गरम, उजवा जेमतेम कोमट. म्हटलं सापडलं, डावा ब्रेक चिकटतोय. ड्रम काढला, लायनर (ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारं अस्तर) घासले, आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली, कारण जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असतं, ते फुंकर मारून उडवायचं नसतं. लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारे अॅडजस्टर नीट लावले. संध्याकाळी बाहेर काढली तर आधीपेक्षा जास्तच ओढायला लागली. त्या रात्री खूप वाईट वाटलं. सगळं मीच का बघायचं, कोणाला काही पडलेलीच नाही, दादा तर केव्हाचा म्हणतोय विकून टाक, त्याच्या मेसेजला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

पण पडल्या पडल्या हेही सुचलं की डावा ब्रेक नीट केल्यावर ओढणं वाढतंय, तर डावा बिचारा त्याचं काम करतोय. गाडी जास्त ब्रेक लागणाऱ्या बाजूला वळते. डावा गरम होता कारण गाडी थांबवायचं काम तोच करत होता, उजवा थंड होता कारण तो फारसं काही करत नव्हता. आणि मी थंड चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. जॅकवर घेऊन डावं चाक हाताने फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं, पेडल सोडल्याबरोबर ते मोकळं फिरत होतं. चिकटलेला ब्रेक असा फिरू देत नाही. होज पाईप (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी रबरी नळी) आतून फुगला असता तरीही नाही, कारण मग प्रेशर आत जातं पण परत येत नाही आणि चाक जाम राहतं.

दुसऱ्या रविवारी उजवा ड्रम काढला. १९६४ ची गाडी, पुढे ८ इंची ड्रम, प्रत्येक चाकात दोन सिलेंडर, एकेका शूला एकेक. शू म्हणजे लायनर लावलेली पट्टी, पेडल दाबलं की ऑइलच्या दाबाने सिलेंडरमधला पिस्टन तिला ड्रमवर ढकलतो. चिनूलाच आत बसवली. एक शू दाबून धरला आणि तिला म्हटलं अगदी हलकं दाब, ड्रम नसताना जोरात दाबलं तर पिस्टन बाहेर येतो. खालचा सरकला. मग खालचा दाबून धरला, वरचा हललाच नाही. परत दाब म्हटलं, नाहीच. रबर बूट मागे केलं तर आत तपकिरी गंज. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी सिलेंडर खातं. किती काळ उभी होती ते मला माहीत आहे. तेव्हा तिच्याजवळ जावंसं वाटत नव्हतं.

चिनू सीटवरून म्हणाली, सापडलं का? मी हो म्हणालो. सॉरी म्हणायचं होतं, ते राहिलं.

पुढचे चारही सिलेंडर नवीन टाकले, दोन्ही बाजूंचे लायनर आणि होज पाईपही. एकाच बाजूचं बदललं तर नवं-जुनं सारखं धरत नाही, परत ओढणार. मग ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढली, चिनू पेडलवर आणि मी ती हवा बाहेर सोडायच्या निपलपाशी, दाब, धर, सोड, बुडबुडे संपेपर्यंत. अॅडजस्टर चाक अडेपर्यंत घट्ट करायचे आणि ते मोकळं फिरेपर्यंत एकेक खटका मागे घ्यायचे. हे काम मला आवडतं. दोघांचेही हात काळे झाले होते आणि आम्ही फारसं काही बोलत नव्हतो.

आज सकाळी आधी तिने चालवली. मोकळ्या रस्त्यावर हलका ब्रेक, मग थोडा जोरात. सरळ. तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता उतरून मला जागा दिली.

मी बसलो, थोडं पुढे जाऊन ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे गेली. परत दाबला, परत उजवीकडे.

चिनू म्हणाली, बाबा, हात सोडा.