जुना ट्रॅव्हल ट्रेलर बघायला जाताय? आधी शिडी मागा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर. अमेरिकेत जुना ट्रेलर विकणारा तुम्हाला आधी आत नेतो, दिवे लावतो, सोफ्याचा पलंग करून दाखवतो. तुम्ही बाहेरच थांबा आणि छपरावर चढण्यासाठी शिडी मागा. टायर, बॅटरी, फ्रिज सगळं बदलता येतं. भिंतीत मुरलेलं पाणी काढता येत नाही.

पाणी शिरतं ते छपरावरच्या भोकांभोवती: व्हेंट, एसी, अँटेना आणि पुढच्या-मागच्या कडांच्या सांध्यांतून. तिथलं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, उन्हाने तडकतं. सगळं जुनं आणि एकाच कोपऱ्यात ताजं पांढरंशुभ्र सीलंट दिसलं, तर तिथे काय झालं होतं ते सरळ विचारा.

खाली उतरल्यावर भिंतीला गाल टेकवल्यासारखं उभं राहून तिरप्या उजेडात लांबवर नजर टाका. फायबरग्लासचा पत्रा पातळ प्लायवर चिकटवलेला असतो. प्लाय भिजला की गोंद सुटतो आणि पत्र्याला फुगे येतात. फुगे दिसले तर घासाघीस करत बसू नका, निघा. दुरुस्तीचा खर्च बऱ्याचदा ट्रेलरच्या किमतीला टेकतो. नालीदार ॲल्युमिनियमच्या ट्रेलरला फुगे येत नाहीत, म्हणून तो जास्त फसवा. त्याचे खालचे कोपरे दाबून बघा.

आत वरच्या कपाटांचे कोपरे, पलंगाखालची फळी, दाराजवळची जमीन आणि स्लाइड-आउटचे (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाचे) कोपरे अंगठ्याने, टाचेने दाबा. दोन सुयांचा ओलावा-मीटर स्वस्तात मिळतो. आधी मधल्या पार्टिशनवर आकडा घ्या, मग बाहेरच्या भिंतींवर. नुसत्या आकड्यापेक्षा हा फरक जास्त बोलतो. तरी 20 टक्क्यांच्या वर गेला की ओल आहेच असं धरा. आणि आत सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला, तर कुबट वास झाकलाय का, अशी शंका घ्यावी.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो, तो थंड व्हायला कित्येक तास घेतो. म्हणून आदल्या रात्रीच चालू करायला फोनवर सांगा. बाहेरची जाळी काढून मागे बघा: पिवळी पूड किंवा अमोनियाचा वास असेल तर कूलिंग युनिट गेलं. वीज आणि गॅस, दोन्हींवर तपासा.

टाकीत पाणी भरून पंप लावा, नळांतली हवा जाऊ द्या, मग सगळे नळ बंद करा. पंप गप्प झाला पाहिजे. दर थोड्या वेळाने आपोआप घुरघुरला तर बहुधा कुठेतरी गळतंय. थंडीच्या राज्यांत पाइप रिकामे न करता किंवा गुलाबी अँटिफ्रीझ न भरता ट्रेलर ठेवला की जोड फुटतात. गीझरची टाकी भरल्याशिवाय विजेचं बटण दाबू देऊ नका, कॉइल लगेच जळते.

टायरच्या बाजूवर DOT (अमेरिकेचं वाहतूक खातं) अशी अक्षरं असलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. खाचा नव्यासारख्या असल्या तरी सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा करा. ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवेची पिन ओढा. इलेक्ट्रिक ब्रेक धरले पाहिजेत. पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरते.

वजनाचं स्टिकर वाचा. सामान भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या आकड्यावर येतो, तो तुमच्या गाडीला झेपतो का?

शेवटी कागद. चेसिसवरचा 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, एकच हवा. एनआयसीबी या विमा-गुन्हे रोखणाऱ्या संस्थेच्या मोफत व्हीआयएनचेकवर चोरी आणि सॅल्व्हेजची (विमा कंपनीने भंगारात काढल्याची) नोंद बघा. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याच्या, एनएचटीएसएच्या साइटवर रिकॉल (कंपनीने दोषामुळे दुरुस्तीला परत बोलावल्याची नोंद) बघा. टायटलवर बँकेचा बोजा असेल तर विकणाऱ्याला परस्पर पैसे देऊ नका, व्यवहार त्याच बँकेत बसून करा.