आमची वाटचाल : ट्रेडल ते ऑफसेट

‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ साली आमच्या अहमदनगरातच, आताच्या अहिल्यानगरात, सुरू झालं, पुढे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ते संपादलं. अशा गावात ख्रिस्ती माणसाचा छापखाना म्हणजे मोठा मान. वडिलांनी तो एका ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, उभा केला. मी मान तेवढा घेतला. चर्चच्या मंडळीत पंच, बसायला पुढचा बाक, आणि प्रेसमध्ये माझ्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

१९९६चा गुड फ्रायडे. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची पुस्तिका आम्ही छापलेली, १२०० प्रती. पहिला उद्गार सगळ्यांनी एका सुरात वाचला : “हे बापा, त्यांना जमा कर.” मागची पोरं फिसकन हसली.

आमचे जुळारी मामा, शिशाची अक्षरं म्हणजे खिळे जुळवून ओळी लावणारे. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता खिळ्यांच्या खणात. खिळ्याची खाच बोटाला लागली की अक्षर सुलटंच बसायचं. गळ्यात तुळशीची माळ, आषाढात पंढरी चुकवायचे नाहीत. सोमवारी चार गिऱ्हाइकांदेखत मी त्यांना नाही नाही ते बोललो, अर्धा पगार कापला. मामांनी स्टिकमधली अर्धी ओळ परत खणांत सोडली, हात धुतले आणि गेले.

रस्त्यापलीकडच्या डीटीपीवाल्याने, संगणकावर मजकूर जुळवणाऱ्याने, आमची पुस्तिका महिनाभर काउंटरवर ठेवली. येईल त्याला उघडून दाखवायचा. मंडळीचं काम गेलं, दोन शाळा गेल्या, लग्नपत्रिकाही तिकडेच. कागदवाल्याने उधारी बंद केली. दीड वर्षात ट्रेडलच्या रुळांवरची शाई वाळून चामड्यासारखी झाली.

जुनी बिलं शोधताना त्या पुस्तिकेचं प्रूफ, छपाईआधी तपासायची प्रत, सापडलं. ‘जमा’पुढे समासात मामांचं पेन्सिलीने केलेलं प्रश्नचिन्ह. खाली ‘छापा’, आणि माझी सही. सोबत टाचलेली मूळ कॉपीही माझ्याच हातची. घाईत ‘क्ष’चा ‘ज’ झालेला. (नव्या पोरांना सांगतो : प्रूफ शेवटच्या ओळीकडून वर वाचा, आणि जेवून उठल्यावर तर वाचूच नका.)

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी मत्तयाचा पाचवा अध्याय काढला : अर्पण वेदीपुढेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. भाकरीचं ताट आमच्या बाकापर्यंत आलं तसा मी उठलो. सगळी मंडळी बघत होती.

मामांच्या पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. “चहा घ्या.” कप रिकामा झाल्यावर म्हणाले, “आणि तो अर्धा पगार?” अर्पणाचं पाकीट खिशातच राहिलं होतं, ते दिलं. त्यांनी मोजलं. “साठ रुपये बाकी आहेत, साहेब.”

मामा परत आले. पंचपद मी सोडलं. २००१मध्ये सेकंडहँड ऑफसेट मशीन घेतली, तेव्हापासून बरं चाललंय.

ती पुस्तिका मात्र अजून समोरच छापतात. यंदा सातव्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. मी कुणाला बोललो नाही. पेन्सिलीने खुणा करून प्रत कपाटात ठेवली आहे.