रविवारी भिंतीला हात लावायचा नाही

परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना माझ्यामागे शिडीवर चढलेला त्यांचा मुलगा दिसला. हातात रोलर, केसांत पांढरा रंग. “अगं, दोघांचे पगार आहेत ना? माणूस लावा की,” म्हणाल्या आणि मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांचं ते गप्प बसणं मला लागलं, म्हणून हे लिहितेय.

इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये, माणूस लावायचा म्हणजे आधी तो मिळायला हवा. नुसतं बघायला यायलाच काही आठवडे जातात, काम सुरू व्हायला महिने. तरी जिथे लावायला हवा तिथे आम्ही लावलाय. मुख्य वायरिंगला नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बाथरूमच्या टाइल्सही कारागिराकडे दिल्या. टाइल्सच्या धंद्याला ‘मास्टर’ परीक्षेची, म्हणजे स्वतःचा धंदा काढण्याआधी कारागिराने द्यायच्या परीक्षेची, अट होती, ती २००४ मध्ये काढली आणि २०२० मध्ये १२ धंद्यांना परत लावली, त्यात हाही आला. त्याच्या मजुरीतले २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १२०० युरो, आपल्या आयकरातून वजा होतात. फक्त बिल हवं आणि पैसे बँकेतूनच द्यायला हवेत. रोख दिलेत तर काही नाही. हे मला फार आवडतं. पण परीक्षेनेच हात चांगला होतो, असं मात्र कुणी मला सांगू नये. माझ्या माहेरी मागच्या अंगणात शहाबादी फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींकडे कसलंही प्रमाणपत्र नव्हतं, आणि आजही तिथलं पावसाचं पाणी एक थेंब इकडेतिकडे न होता मोरीकडेच जातं.

उरलं ते सगळं आमच्याकडे. भिंतींवर इथे सर्रास असतो तो राउफाझर, म्हणजे थरांमध्ये लाकडाचा भुसा घातलेला जाड कागद. १८६४ मध्ये हुगो एर्फुर्ट यांनी तो काढला. आमच्या भिंतींवर त्यावर रंगाचे इतके हात चढलेत की पाणी आत मुरतच नाही. आधी काटेरी रोलर फिरवून भोकं पाडायची, मग साबणाच्या पाण्याने भिजवायचं, थांबायचं, आणि मग पट्टीने खरवडायचं. फळ्यांसाठी भिंतीत भोकं पाडायचं काम त्याचं, कारण ड्रिल त्याच्या हातात स्थिर राहतं. मी व्हॅक्यूम क्लीनरची नळी ड्रिलच्या टोकाखाली अगदी भिंतीला टेकवून धरते. जुन्या प्लास्टरची पांढरी भुकटी खाली पडायच्या आतच आत ओढली जाते आणि वीट सुरू झाली की भुकटीचा रंग लाल होतो. तो बदल मला आधी दिसतो. मी “थांब” म्हणते, तो थांबतो. मग भोकात करड्या नायलॉनची गिट्टी. ही गिट्टी १९५८ मध्ये इथल्याच, ब्लॅक फॉरेस्टमधल्या आर्टुर फिशर यांनी काढली.

आणि हे सगळं फक्त शनिवारी. आठवडाभर दोघांच्या नोकऱ्या, शनिवारी दुपारी एक ते तीन सोसायटीच्या नियमाप्रमाणे शांतता, आणि रविवारी तर ड्रिलचं नावच काढायचं नाही. दुकानंही बंद, म्हणजे शनिवारी रात्री एक स्क्रू कमी पडला तर काम थेट सोमवारवर. सुरुवातीला मला याचा संताप यायचा. स्वतःचं घर, स्वतःची भिंत, आणि सुट्टीच्या दिवशीच हात बांधून बसायचं! आपल्याकडेही सोसायट्यांच्या फलकावर रविवारी ठोकाठोकी बंद असं लिहिलेलं असतं, पण पाहुणे यायचे असले की कोण ऐकतं? इथे मात्र रविवार थेट राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने तो कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं घेतलं.

पण आमचं घर उभं राहतंय ते त्या रविवारमुळेच, असं माझं ठाम मत झालंय. आपल्याकडे घराचं काम काढलं की नवरा-बायकोच्या मध्ये ठेकेदार असतो, सुतार असतो, बघायला आलेला मामा असतो. राग त्यांच्यावर निघतो. निर्णयही बहुतेक वेळा तेच घेतात, आणि घरातल्या बाईला कट्ट्याची उंची विचारायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मध्ये कुणीच नाही. जे काही बोलायचं ते एकमेकांनाच.

स्वयंपाकघरातली फळी हे त्याचं उदाहरण. त्याला ती खिडकीच्या वरच्या कडेच्या रेषेत हवी होती, दिसायला सरळ. मला रोजचे डबे स्टुलावर न चढता काढायचे होते. शनिवारी संध्याकाळी आवाज चढले. ड्रिल चालवता आलं असतं तर त्याच रात्री भोकं पडली असती आणि मी आयुष्यभर टाचा उंचावल्या असत्या. पण रात्र झाली होती आणि पुढे रविवार होता. सकाळी त्याने स्वतःच दोन्ही उंचीवर कागदी टेप चिकटवली. दिवसभर आम्ही दोघांनी प्रत्येक डबा घेताना हात वर नेऊन त्या टेपला लावला. संध्याकाळी वरची टेप त्यानेच काढली, काही न बोलता. बैठकीतल्या लाकडी जमिनीला चकचकीत लॅकर लावायचं की तेल, यात त्याचं ऐकलं गेलं, तेही एका रविवारीच.

पैसे वाचतात, ते खरंच आहे, आणि त्यात मला लपवण्यासारखं काही वाटत नाही. पण आई, तुमचा मुलगा शिडीवर आहे तो माणूस परवडत नाही म्हणून नाही. त्याला आता कुठल्या भिंतीत विटा पोकळ आहेत ते नुसतं ठोकून कळतं, आणि पुढच्या खोलीचा रंग कुठला, हे तो मला विचारतो.

आता पॅसेज राहिलाय. तो म्हणतो राउफाझर तसाच ठेवून वर रंग द्यावा, मला तो पूर्ण काढायचाय. शनिवार परवावर आलाय, त्यामुळे या आठवड्यात आम्ही फक्त जमिनीवर प्लास्टिक अंथरणार आहोत.