समिती आहे की आहेत?

दुपारी एक साधी इंग्रजी मेल लिहायला बसलो. ‘द कमिटी’ एवढं टाइप झालं आणि बोटं अडली. इज की आर?

मराठीत ही भानगड नाही. ‘मंडळी निघाली’ म्हणून मोकळं व्हायचं. हे एकवचन की अनेकवचन, हे मंडळींनाही ठाऊक नसतं.

खोट आहे ती सातवीतली. गाळलेली जागा होती, ‘द ज्युरी डॅश डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. मी ठसठशीत ‘इज’ लिहिलं. ज्युरी एक, म्हणून इज. बाईंनी लाल फुली मारली आणि वर विचारलं, “भांडतायत ना रे ते? मग एक कसे?” म्हणजे एकमत असेल तर इज, आणि वाजलं की आर! मला ते फार पटलं. पुढे कित्येक दिवस घरी आईबाबांची धुसफूस सुरू झाली की मनातल्या मनात मी ‘फॅमिली आर’ म्हणायचो.

पण रेडिओवर गोरा समालोचक ‘इंग्लंड आर’ म्हणायचा, आणि इंग्लंडच्या संघात तर काही भांडण दिसत नव्हतं. ब्रिटिशांना टीम म्हटलं की अकरा माणसं दिसतात, अमेरिकनांना एकच टीम. गंमत म्हणजे त्या अमेरिकेचीच १८६५ सालची तेरावी घटनादुरुस्ती, गुलामगिरी बंद करणारी, युनायटेड स्टेट्सबद्दल ‘देअर’ म्हणते. त्यांचं. आज तिथे कुणी ‘युनायटेड स्टेट्स आर’ म्हणून बघावं! पोलीस मात्र दोन्हीकडे आर. पोलिसांशी वाद कोण घालणार?

असो. माझी मेल तशीच पडून होती. अशा वेळी मी ‘कमिटी’पुढे गुपचूप ‘मेंबर्स’ चिकटवतो. ते फार झालं की भूतकाळात पळतो. तिथे वॉज-वेअर सोडलं तर एकवचन-अनेकवचन कुणी विचारत नाही. एक ‘डी’ लावला की काम झालं. आजही तेच केलं. ‘द कमिटी डिसायडेड’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

समितीने अजून काहीच ठरवलेलं नाही, हे नंतर लक्षात आलं.