सोळा दिवस ‘सवय होईल’ : माझ्या दाढेच्या कॅपचा अनुभव

नवी कॅप बसवल्यावर तोंड मिटताना तीच आधी टेकत असेल, तर ‘सवय होईल’ या उत्तरावर घरी परत येऊ नका. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर २०२५ चा अख्खा एप्रिल मी गालाला हात लावून काढला नसता. अजूनही तो शब्द ऐकला की माझं डोकं तापतं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आम्ही अमळनेरचे. मी पतसंस्थेत काम करते. दाढ मोडली ती फुटाण्यांमधल्या एका न फुललेल्या दाण्याने. खालची डावीकडची मोठी दाढ, डॉक्टर कागदावर तिचा नंबर ३६ लिहितात. कॉलेजात असताना तिच्यात चांदी भरलेली होती. चांदी मोठी असली की बाजूच्या भिंती पातळ राहतात आणि कधीतरी त्यातली एखादी उडते. माझी जिभेकडची भिंत उडाली. जीभ लावली की पत्र्याच्या कडेसारखं लागायचं. कीड दाढेच्या आतल्या नसेला जाऊन पोचली होती, म्हणून ती नस काढायचं, म्हणजे रूट कॅनल. ते जळगावला तीन खेपांत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लोक उगीच घाबरतात.

रूट कॅनल झालं की दुखणं थांबतं आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. तसं करू नका, वरून कॅप, म्हणजे दाढेला घट्ट बसणारं टोपण, बसवून घ्या. दाढ आतून कोरलेली असते, वरचा बराच भाग गेलेला असतो आणि चावण्याचा सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवरच येतो. उभी चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्याशिवाय इलाज राहत नाही. मग रूट कॅनलचे पैसेही पाण्यात.

खर्च ऐकून सासूबाई म्हणाल्या, “काढी टाक ना दात, कसाले इतला पैसा घालस?” त्यांच्या जागी त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या वेळी दाढ दुखली की काढायची, एवढंच माहीत. पण त्यांच्या चार दाढा गेल्यात आणि कळण्याची भाकरी त्या आता वरणात अर्धा तास भिजवून खातात, तेही रोज बघते मी. म्हणून कॅप बसवायचीच हे माझं ठरलेलं होतं.

मला तीन भाव सांगितले. नुसत्या धातूची अडीच हजार, आतून धातू वरून सिरॅमिकची साडेचार हजार, आणि झिरकोनियाची नऊ हजार. धातूची कॅप टिकायला उत्तम असते, मागच्या दाढेला ती लावली म्हणून काही बिघडत नाही, फक्त हसताना दिसली तर दिसते. सिरॅमिकवाली कधीकधी वरून टवका उडून आतला धातू दाखवते. झिरकोनिया पांढरी आणि खूप टणक. मी नऊ हजारवाली घेतली. दाढ चहूबाजूंनी घासून बारीक केली, रबरासारखा मसाला ट्रेमध्ये भरून माप घेतलं, रंगाच्या पट्टीवरून माझा रंग ए-३ ठरवला. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू देऊ नका, खिडकीपाशी उजेडात बघायला सांगा. मापाच्या वेळी उमासा येतो. नाकाने हळूहळू श्वास घेतला आणि मान थोडी पुढे ठेवली की निभतं. माप नाशिकच्या लॅबला गेलं आणि तोवर प्लास्टिकची तात्पुरती कॅप. तिच्यावर चिक्की, गूळ, च्युइंगम अजिबात नको, ती चिकटून निघून येते.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. ५ एप्रिलला, शनिवारी, कॅप बसवायला बोलावलं.

तात्पुरत्या कॅपच्या कडेने हिरडी सुजून वर आली होती, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण त्या इंजेक्शनने अर्धी जीभ, अर्धा ओठ, सगळा डावा जबडा बधिर झाला. मला खुर्चीत आडवं ठेवूनच जिथे दात टेकतो तिथे ठिपका उठवणारा निळा कागद दातांत धरायला दिला, एकदा चावायला लावलं, थोडं घासलं. “बरोबर वाटतंय ना?” मी हो म्हटलं. मला काहीच वाटत नव्हतं, तर बरोबर काय आणि चूक काय कळणार होतं! बाहेर सतरा माणसं बसलेली होती. त्यांनी सिमेंट लावलं, मी पैसे दिले, दुपारच्या गाडीने अमळनेरला आले.

रात्री बधिरपणा उतरला आणि पहिल्या घासालाच कळलं. बाकीचे दात एकमेकांना भेटायच्या आधी कॅप वरच्या दाढेवर आपटत होती. खाटेचा एक पाय उंच असला की ती जशी डुगडुगते, तसं तोंड मिटताना वाटत होतं. उजवीकडून चावायला गेलं तरी डावीकडे टक्कन लागायचं.

सोमवारी फोन केला. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “नवीन आहे ना, दोन-तीन दिवसांत सवय होईल.” पाच दिवस थांबले. सवय झाली नाही, ठणका सुरू झाला. आधी दाढेत, मग कानाच्या पुढे, मग कानशिलात. वरची दाढ, जिला आजवर काही झालेलं नव्हतं, तीही गार पाण्याने शिवशिवायला लागली. सकाळी उठले की जबडा आखडलेला.

१२ तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत जळगाव. खानदेशातला एप्रिलचा उन्हाळा, त्यात स्टेशनवरून रिक्षा, त्यात अपॉइंटमेंट दहाची आणि नंबर लागला पावणेएकला. डॉक्टरांनी आडवं केलं, कागद लावला, दोन मिनिटं घासलं आणि म्हणाले, “आता ठीक आहे.” मी म्हटलं, “डॉक्टर, अजून टेकतंय.” ते म्हणाले, “झिरकोनिया फार घासता येत नाही. वॉरंटीचा प्रश्न येतो. आणि तुमचं रूट कॅनल झालंय, नसच काढलेली आहे, तर दुखणार कसं? मनात आणू नका, सवय होईल.”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. नऊ हजार गेले त्याचं मला इतकं वाटलं नाही. मला दुखतंय, मी सांगतेय, आणि समोरचा शिकलेला माणूस म्हणतो की दुखूच शकत नाही. येताना गाडीत खिडकीशी बसून मी चक्क रडले. धरणगाव येईपर्यंत मला स्वतःलाच शंका यायला लागली होती की खरंच मनाचे खेळ आहेत का. घरी सांगितलं तर मिस्टर म्हणाले, डॉक्टर म्हणतात तर थांबू या अजून आठ दिवस. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या ताटात भाताशेजारी भाकरी वाढणं बंद केलं.

पुढचे आठ दिवस दुखण्याच्या गोळीवर. पतसंस्थेत मार्चअखेरची राहिलेली जुळवाजुळव चालू, आणि मी पेन खाली ठेवून गाल दाबत बसायचे. ३० तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. दोन्ही नणंदा माहेरपणाला येणार, खापरावरच्या पुरणपोळ्या करायच्या, आणि मी भात-खिचडीवर.

मधेच एक आठवलं ते सांगते. बिल आणि वॉरंटीचं कार्ड त्याच दिवशी हातात मागून घ्या. मला कार्ड दुसऱ्या खेपेला, तेही मागितल्यावर मिळालं. माझ्या कार्डावर दाढेचा नंबर चुकीचा लिहिला होता, ३६ ऐवजी ४६. म्हणजे उजवीकडची! पुढे कॅपला तडा गेला असता तर मी काय दाखवणार होते? तो तिथेच दुरुस्त करून घेतला.

शेवटी शेजारच्या वहिनींनी धुळ्याचं सुचवलं. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी काम करतात, शिकवणारे डॉक्टर तपासतात, वेळ जास्त जातो पण खर्च कमी लागतो. मला खर्चाचं काही नव्हतं, मला कोणीतरी नीट बघायला हवं होतं. २१ एप्रिलला एसटीने अर्ध्या तिकिटात धुळे गाठलं.

एका शिकाऊ मुलीने आधी सगळं विचारून लिहून घेतलं. मग तिच्या मॅडम आल्या. पहिलं काम त्यांनी केलं ते हे, की खुर्ची सरळ करून मला ताठ बसवलं. आडवं झोपल्यावर खालचा जबडा किंचित मागे सरकतो, आणि आपण जेवतो तर बसून, असं त्या मुलीला समजावून सांगत होत्या. मग माझ्या दोन्ही गालांवर बोटं ठेवून हळूच दात टेकवायला सांगितले. नंतर एक चांदीसारखी चकचकीत, वर्खाइतकी पातळ पट्टी काढली. ती उजवीकडच्या दाढांमध्ये धरली, मला दात मिटायला लावले आणि ओढली, तर सरळ निघून आली. म्हणजे तिकडचे दात एकमेकांना भेटतच नव्हते. डावीकडे कॅपवर धरली आणि ओढली, तर हलेना. त्यांनी ती मुलीला दाखवली आणि मला म्हणाल्या, “बघा ताई, तुमचं बरोबर आहे.”

त्या एका वाक्यासाठी मी सोळा दिवस थांबले होते.

मग दोन रंगांचे कागद. निळ्यावर सरळ टकटक चावायचं, लालवर भाकरी चावतो तसा जबडा आडवा फिरवायचा. आरशात मला दाखवलं. कॅपच्या मागच्या आतल्या कोपऱ्यावर मसुराएवढा निळा ठिपका आणि त्याच्यापासून बाहेर निघालेली लाल रेघ. जळगावला आडवा जबडा फिरवायला मला एकदाही सांगितलं नव्हतं. पाण्याची धार सोडत बारीक दांडीने जरा घासायचं, परत कागद, परत जरा घासायचं, असं सात-आठ वेळा. ठिपका फुटून तीन-चार बारीक टिंबं झाली, उजवीकडेही पट्टी अडकायला लागली, तेव्हा त्या थांबल्या. त्यानंतर घासलेली जागा रबराच्या चकतीने गुळगुळीत केली. झिरकोनिया घासून तसाच खडबडीत सोडला तर समोरच्या दाताला झिजवतो, म्हणून हे विसरू देऊ नका. सगळं मिळून अर्धा तास.

रूट कॅनल झालेली दाढ दुखते कशी, हे मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, नस काढतात ती दाताच्या आतली. पण दात हाडात सिमेंटने बसवलेला नसतो, बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेला असतो. ती झोळी जिवंतच राहते. दाताला केसाहून पातळ उंचवटासुद्धा त्या झोळीमुळेच कळतो, आणि प्रत्येक घासाला तिथे मार बसला की ती सुजते. नंतर जबड्याचे स्नायू तो मार चुकवायला बघतात, म्हणून कान आणि कानशील. मला इतकं हलकं वाटलं! दुखणं जायला आणखी आठवडाभर लागेल असं त्यांनी सांगितलं होतं, माझं पाच दिवसांत गेलं. वरच्या दाढेची शिवशिव मात्र मे महिन्यापर्यंत होती.

कोणाची कॅप बाकी असेल तर एवढं करा. बसवण्याच्या दिवशी शक्यतो इंजेक्शन नको म्हणा. द्यावंच लागलं तर तात्पुरत्या सिमेंटने बसवून आठवडाभर जेवून बघू द्या, असं आधीच विचारा. पुष्कळ डॉक्टर तयार होतात. सरळ बसून चावा, जबडा आडवा फिरवा, घाई वाटली तरी दहा वेळा फिरवा. बाहेर किती माणसं बसली आहेत ते बघू नका. चुळबुळ दोन-तीन दिवस चालते हे खरं आहे, नवी वस्तू जिभेला वेगळी लागतेच. पण ती आधी टेकत असेल तर ती सवयीची गोष्ट नाही, घासून ठीक करायची गोष्ट आहे. आणि कॅप बसली म्हणजे दाताची काळजी मिटली असंही नाही. कॅपच्या खालच्या कडेला, हिरडीपाशी, कीड पुन्हा लागू शकते. तिथे ब्रश नीट फिरवायचा आणि रात्री दातांच्या फटीत दोरा (फ्लॉस) घालायचा.

आखाजीला मी पुरणपोळी आणि आमरस खाल्ला, पण त्यात काय, दोन्ही मऊच. खरी परीक्षा नंतर झाली. सासूबाईंनी निखाऱ्यावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे कडक पापड, भाजले, त्यातलं एक माझ्यापुढे धरलं आणि नुसत्या बघत राहिल्या. मी डावीकडून कडकन मोडलं. मग त्यांनी दुसरं दिलं.

धाकट्या नणंदेची वरची दाढ आता रूट कॅनलला आहे, पुढच्या शनिवारी कॅप बसतेय. मी रजा टाकली आहे. तिच्यासोबत जाणार आणि ती “टेकत नाही” म्हणेपर्यंत तिला खुर्चीतून उठू देणार नाही.